बर्लिन ते व्हिएन्ना, सव्वा तास

आखाजीला आठवडा राहिला होता. शेजारच्या अक्का गच्चीवर माझ्याबरोबर कुरडया घालायला आल्या आणि बसल्या बसल्या विचारलं, "यंदा आखाजीले पोर येई का?"

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या या सणाला लेक माहेरी यायलाच हवी. तिला आणायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून जातो. माझी लेक व्हिएन्नाला, मुलगा बर्लिनला. ती कुठली येते, लांब आहे, असं मी म्हणाले.

"आनि भाऊना गाव तठून कितला दूर शे?"

मला सांगता येईना. धुळे-शिंदखेडा अपडाऊन करत मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. कुठली एसटी कुठे किती थांबते, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण पोटच्या दोन पोरांमधलं अंतर ठाऊक नव्हतं. हात धुतले आणि मोबाइलवर पाहिलं. विमानाने सव्वा तास. धुळ्याहून जळगावला जायला याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, तोही एसटी पारोळ्याला रेंगाळली नाही तर.

"इतलं जोडे शे, मंग भाऊ काबरं जात नही?" अक्का म्हणाल्या.

आठ महिन्यांपूर्वी लेकीने नवऱ्याचं घर सोडलं होतं. जावई म्हणजे मुलाचा जुना मित्र, स्थळ त्यानेच आणलेलं. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नव्हते आणि ती एका खोलीत एकटी राहत होती. मी दोघांशी वेगवेगळी बोलायची आणि युरोप फार मोठा आहे अशी स्वतःची समजूत घालायची. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

कुरडया तशाच ठेवून मुलाला फोन लावला. "बहिणीला आणायला जा. आखाजी तुझ्याकडे करू दे."

"आई, सव्वा तास नुसता विमानाचा. विमानतळावर जा, तपासणी, पुन्हा तिकडून तिचं घर. अख्खी सकाळ जाते."

"मीपण स्टँडवर ताटकळायचे. कोणाला सांगायला गेले नाही."

"घर सोडताना तिने मला विचारलं होतं का?"

"मुऱ्हाळी निवाडा करायला जात नाही, बहिणीला आणायला जातो. तिकीट काढ. तोवर मी फोन ठेवत नाही."

"मी कामात आहे."

"कर की काम. मी इथेच आहे."

फोन कान आणि खांद्यामध्ये धरून मी उरलेल्या कुरडया घातल्या. तिकडून त्याची बोटं कीबोर्डवर चाललेली ऐकू येत होती. अक्का माझ्याकडे बघून हसत होत्या. पातेल्यातला कुरडयांचा घाट संपत आला तेव्हा तो पुटपुटला, "शनिवारचं काढलं. सकाळचं."

लगेच लेकीला फोन केला. जरा मिरवतच सांगितलं, "शनिवारी भाऊ येतोय, सकाळच्या विमानाने. अगं, सव्वा तास तर लागतो. मला माहीतच नव्हतं."

ती म्हणाली, "ते नऊ वीसला उतरतं. शनिवारी कधी कधी दहा मिनिटं उशीर होतो."

"तुला गं कसं ठाऊक?"

"दर शनिवारी बघते, आई. ते उतरलं की दुपारपर्यंत मी घर सोडून कुठे जात नाही."