फौस्तिनाकाकूची ओळखीची घरं

राजधानीतल्या कुठल्या घरात कामाच्या पोरीला पोटभर जेवायला घालतात, कुठली मालकीण पटकन हात उगारते आणि कुठे आतून कडी लावूनच झोपावं, हे इता-पुकू गावात फक्त फौस्तिनाला ठाऊक. आठ वर्षांची असताना तिच्या आईने तिला राजधानीत, आसुन्सिऑनला, अशाच एका घरी नेऊन सोडलं होतं. तिथे चौदा वर्षं तिने भांडी घासली, दुसऱ्यांची पोरं सांभाळली आणि त्यांच्या पुस्तकांवर वाचायला शिकली. त्यामुळे गावात एखादीला सातवं लेकरू झालं, की ती काखेत कोंबडी घेऊन तिच्याकडे यायची. “काकू, थोरलीसाठी चांगलं घर बघा हो.” काकू बघायची, आणि पोरीला बसने पोचवून यायची. अशा अकरा पोरी तिने पोचवल्या. गाव याला उपकार म्हणायचं. खरं सांगायचं तर तीही म्हणायची.

अकरावी सुनिल्दा, दहा वर्षांची. मालकिणीने तिच्या हातावर गरम इस्त्री टेकवली, तशी ती भिंतीवरून उडी मारून पळाली. मालकीण पैसेवाली, जामीन देऊन घरी बसली. फौस्तिनावर माणसांच्या तस्करीचा आरोप लागला, कारण पोर आणून दिल्याबद्दल मालकिणीने दिलेली साखरेची पिशवी तिने घेतली होती. आणि आरोप लागला म्हणून, निकालाच्या आधीच, तिचं म्हातारपणाचं पेन्शन थांबलं. नवा नियमच तसा. नियम करणाऱ्यांच्या घरी भांडी कोण घासतं, हे विचारायला कोणी गेलं नाही.

पेन्शनशिवाय तिला दुसरा आधार नव्हता. तिसऱ्या महिन्यात मधुमेहाच्या गोळ्या संपल्या. आपल्याला राग येईल, असं तिला वाटलं होतं. तो आला नाही. नुसतं सुन्न वाटायचं.

गावच्या कचेरीत मिर्था कारकून होती. तिने फौस्तिनाला बोलावून घेतलं.

“काकू, अर्ज मी भरलाय. तुम्ही फक्त सही करा. निकाल लागेपर्यंत तरी पेन्शन मिळत राहील.”

“काय लिहिलंयस?”

“पोरीला कामाला ठेवणार हे तुम्हाला माहीतच नव्हतं. शाळेसाठी नेतायत असं वाटलं.”

“शाळेसाठी? अगं, हे ऐकून गावातली कुत्रीसुद्धा हसतील.”

“हसू द्या. कुत्री काय तुमच्या गोळ्या आणणारेत?”

फौस्तिनाने पेन उचललं. अर्जाला सुनिल्दाचा जबाब जोडलेला होता. तो ती ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागली. पोरीने तिच्याबद्दल वाईट काहीच सांगितलं नव्हतं. बसमध्ये काकूंनी उकडलेलं अंडं दिलं. माझं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, पहिले आठ दिवस रडू येतं, मग येत नाही.

मिर्थानेही ती ओळ वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

“यावरून तुम्हाला सगळं माहीत होतं हे उघड होतंय. हे तुम्ही बोललाच नव्हतात, असं सांगू. लहान पोर आहे, चुकलं असेल ऐकण्यात.”

“बोलले होते.”

“असं कशाला बोललात, काकू?”

“धीर द्यायला. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, हे रडू काही थांबायचं नाही.”

“थांबलं?”

“थांबलं ना. आई वारली तेव्हाही आलं नाही.”

फौस्तिनाने सही न करता अर्ज तिच्याकडे सरकवला.

“सही केली तर पोर खोटी पडेल. आधीच हात भाजलाय तिचा.”

“आणि तुम्ही खाणार काय?”

फौस्तिना आपण पोचवलेल्या पोरींचा विचार करत होती. बसमध्ये तिने अकराही जणींना तेच आठ दिवसांचं सांगितलं होतं. सुट्टीला गावी आल्या की त्या तिला भेटून जायच्या, पण एकही कधी तिच्यापाशी रडली नव्हती. आजवर तिला ते चांगलं लक्षण वाटत आलं होतं.