बंड्या पुढच्या दाराने गेला

गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी आमचा बंड्या गेला. चौदा वर्षांचा होता, मागचे पाय निकामी झालेले, डोळ्यांत मोतीबिंदू... आईच्या पलंगाखाली झोपला तो उठलाच नाही. पण ही पोस्ट दुःखाची नाही, संतापाची आहे. आधीच सांगून ठेवते.

आम्ही नाहूरला सातव्या मजल्यावर राहतो, मी आणि आई. बंड्याला भांडुपच्या भाजी मार्केटमधून पिशवीत घालून मीच आणला होता. तेव्हा आई आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. "देवाकडे तो येवक नाय व्हयो," एवढं एकच बजावलं. देव्हारा किचनमध्ये, म्हणून तो बिचारा चौदा वर्षं किचनच्या उंबऱ्याबाहेर बसून आरती ऐकायचा.

डॉक्टर येऊन सर्टिफिकेट देऊन गेले, मग माझी फोनाफोनी सुरू झाली. प्राण्यांच्या दहनाची सोय मिळाली ती पार दुसऱ्या टोकाला, वेस्टर्न लाइनला. फोनवरच्या माणसाने शांतपणे विचारलं, "एकट्याचं करायचं की बाकीच्यांबरोबर?" एकट्याचं, म्हटलं. साडेबाराचा नंबर मिळाला. तो चुकला तर थेट दुसऱ्या दिवशी, आणि मे महिन्याच्या उकाड्यात त्याला घरात ठेवणार कसा?

दोन टॅक्सीवाल्यांनी "कुत्ता है क्या?" विचारून राइड कॅन्सल केली. शेवटी माझा भाऊ भांडुपहून स्वतःची गाडी घेऊन आला. अकरा वाजत आले होते, लिंक रोडचं ट्रॅफिक धरून आम्हाला तेव्हाच निघायला हवं होतं.

आणि नेमकी त्याच दिवशी खाली लॉबीत सोसायटीची सत्यनारायणाची पूजा!

मी आधी एकटीच खाली गेले, सेक्रेटरी काकांना नीट सांगितलं. काका आम्ही दोन मिनिटांत कडेकडेने निघतो, पूजेला धक्का लागणार नाही. तर काका म्हणाले, "अगं, कलश मांडलाय. इथून डेडबॉडी कशी नेणार? दोन तास थांब, नाहीतर मागच्या जिन्याने ने."

मागचा जिना म्हणजे काय ते सांगते. तिथून आमच्या बिल्डिंगचा कचरा उतरतो. सात मजले, ओले डबे, खाली कचऱ्याची खोली... तिथून बंड्याला न्यायचं म्हणे!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, हाच बंड्या दरवर्षी ह्याच पूजेला गेटपाशी बसायचा आणि तुम्ही स्वतः त्याला शिरा भरवायचात! तेव्हा चालत होता ना तो? मी हे सगळं बोलले, सगळ्यांदेखत, आवाज चढवून. बायका साड्या सावरत माझ्याकडे बघायला लागल्या. काका म्हणे, "इमोशनल होऊ नकोस, शेवटी कुत्रा आहे."

शेवटी कुत्रा आहे!! मला रडू फुटलं, आणि ह्यांच्यासमोर फुटलं म्हणून स्वतःचाच जास्त राग आला.

वर आले आणि आईला म्हटलं, मागूनच जाऊ या गं, नंबर जाईल. मला खरंच वाटलं होतं ती हो म्हणेल. पूजा-अर्चा, सोवळं-ओवळं म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने बंड्याला तिच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलं, पदराला डोळे पुसले आणि एवढंच म्हणाली, "बंडो फुडल्या दारान जातलो."

आम्ही लिफ्टने उतरलो. मी आणि भावाने बंड्याला धरलेलं, आई पुढे. दार उघडलं तर काका समोर उभे, मागे गर्दी, मेन दरवाजा पार त्या टोकाला. आईला बघून काका जरा नरमले. हातातला प्रसादाचा द्रोण पुढे करून म्हणाले, "वहिनी, आधी प्रसाद घ्या. मग बघू आपण काय करायचं ते."

आईने हात मागे घेतले. "आमका परसाद चालना नाय," ती म्हणाली, "आमच्या घरात सुतक आसा. शिवू नको."

तुम्हाला सांगते, सुतक हा शब्द ऐकल्याबरोबर सगळे झटकन मागे सरले! काका द्रोण छातीशी धरून भिंतीला चिकटले, बायकांनी पोरांना ओढून घेतलं. लॉबीच्या मधोमध लिफ्टपासून दरवाजापर्यंत मोकळी वाट... आणि आई त्या वाटेवरून ताठ मानेने चालत गेली. मागून आम्ही बंड्याला घेऊन.

बारा पंचवीसला पोचलो. त्याचं एकट्याचं झालं, नीट झालं. तिथल्या माणसांनी त्याला ज्या मायेने हातात घेतलं त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत.

संध्याकाळी ग्रुपवर सूचना आली. पूजेच्या दिवशी मेंबरांनी सहकार्य करावं वगैरे. मी चार वेळा उत्तर टाइप केलं आणि खोडलं. कचऱ्याचा जिना मी विसरणार नाहीये काका, तुम्ही ही पोस्ट वाचालच.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी आईला हळूच विचारलं होतं, कुत्र्याचं सुतक किती दिवस असतं गं? मला वाटलं, ते तिने काकांना सुनवायला म्हटलं असेल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माका काय म्हायत? डोळ्यातला पाणी थांबला काय सुतक फिटला."

आज नववा दिवस आहे. आईने देवाजवळ दिवा अजून लावलेला नाही.