न झोपणारा हॅमस्टर

“डॉक्टर, थंडी पडून महिना झाला, हा अजून झोपत नाहीये,” असं म्हणत मेजर निकमांनी जाळीचा पिंजरा माझ्या टेबलावर ठेवला.

मी जनावरांची डॉक्टर. नव्वदच्या दशकात देवळाली कॅम्पात माझा दवाखाना होता. पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. आत राठ, करड्या केसांचा, मांजराच्या पिल्लाएवढा पेशंट.

“युरोपातला जंगली हॅमस्टर. मुंबईहून आणला. नाव कैसर,” मेजर म्हणाले. “पुस्तकात दिलंय, हिवाळाभर बिळात झोपतो म्हणून.”

“घूस आहे ती,” मागून मिसेस निकम म्हणाल्या. “आणल्या दिवसापासून सांगतेय.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. नवराबायकोच्या भांडणात निकाल देणं आमच्या सिलॅबसमध्ये नव्हतं. म्हटलं, टेस्ट करू.

“हा हॅमस्टर बिळात एकटा राहतो, किलोकिलोनं धान्य साठवतो,” मी सांगितलं. “ते न्यायला गालांच्या आत पिशव्या असतात. दाणे गालात कोंबले की गालगुंड झाल्यासारखा दिसतो.”

मूठभर शेंगदाणे टाकले. कैसरनं एक उचलला, कुरतडून खाल्ला. मग दुसरा. गाल होते तसेच.

“लाजत असेल,” मेजर म्हणाले.

“खऱ्याचं पोट काळंभोर असतं.”

मेजरांनी पिंजरा उचलून खालून पाहिलं. पोट राखाडी.

“आणि शेपूट जेमतेम बोटभर.”

कैसरची शेपूट जाळीतून बाहेर वीतभर लोंबत होती.

“पण रागीट आहे! जंगली हॅमस्टर कुत्र्यावरसुद्धा धावून जातो.” मेजरांनी पुराव्यादाखल बोट पुढे केलं. कैसर केस फुलवून डुकरासारखा गुरगुरला. बोट मागे आलं.

“घूसही धावते,” मी म्हणाले. “लांब माळावर सोडून या.”

मिसेस निकमांनी तोंडाला रुमाल लावला. खांदे हलत होते. मेजरांचा मात्र चेहरा उतरला. हातानं खायला घातलेलं जनावर ते. माळापर्यंत काही त्यांचा पाय उचलला नाही, बंगल्यामागेच सोडलं.

उन्हाळ्यात मिसेस निकमांचा फोन आला. “डॉक्टर, कैसर बाळंत झाला! गुलाबाच्या वाफ्याखाली बिळंच बिळं. आणि हे रोज तिथे शेंगदाणे टाकतात.”

“मग तुम्ही काय करताय?”

“मी? भाजून देते. कच्चे बाधतात हो पिल्लांना.”

मालकांना निदान पटलं म्हणजे उपाय पटेलच, असं डॉक्टरनं समजू नये.