आजीच्या शेवटच्या आंघोळीची वेळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. नऊ वर्षं झाली. तोंडाशी आलं आणि गिळलं, असंही कधी झालं नाही — सांगायची इच्छाच नव्हती. आज तुम्हाला सांगतेय, तेही मला पश्चात्ताप झालाय म्हणून नाही. तसं समजू नका.

माझी आजी चऱ्होलीची. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. अडलेली बाळंतीण असो, सासू-सुनेचं भांडण असो, आक्का हजर. लष्करच्या भाकऱ्या भाजण्यात तिचा जन्म गेला. पण तिचं खरं काम वेगळंच होतं. गावात बाई वारली की तिला शेवटची आंघोळ आक्का घालायची. भावकीतली असो, नसो. चाकणच्या कंपन्यांमुळे बाहेरगावची माणसं गावात खोल्या घेऊन राहायला लागली. त्यांच्यातली कुणी गेली आणि जवळ नात्यातलं बाईमाणूस नसलं, तरी लोक आक्कालाच बोलवायचे. ती जायची. पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघायची. "गार घालू नगा गं, जल्मभर गारच मिळालंय तिला," म्हणायची. केस विंचरायची, गुंता हळू सोडवायची — जणू त्या बाईला दुखेल.

ऐकायला किती छान वाटतं, नाही? मलाही वाटायचं.

आता माझं ऐका. मी तेवीस वर्षांची होते. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर होते. शेजारच्या लाइनवर सुधाकर होता, परभणीकडचा. जात वेगळी. आम्हाला लग्न करायचं होतं. वडील भडकले, पण मी घाबरले नाही. का घाबरू? गावातल्या तीन पोरींची असली लग्नं आजीने भांडून लावून दिली होती. एकीच्या बापापुढे तर ती उंबऱ्यात आडवी बसली होती. मग स्वतःच्या नातीसाठी ती काय नाही करणार?

आमच्याच ओसरीवर बैठक बसली. सगळे आजीच्या तोंडाकडे बघत होते. आणि ती — बोललीच नाही. पदर सारखा करत बसून राहिली. बैठक उठल्यावर चुलीपाशी मला म्हणाली, "लोकाच्या पोरीसाठी बोलती तवा समदी ऐकत्यात, कारन माजा त्यात सवारथ नसतो. घरच्या पोरीसाठी बोलले, तर उद्या माज्या शब्दाला कोन ईचारील?"

कळलं तुम्हाला? तिच्या शब्दाची पत राहावी म्हणून माझा बळी. महिन्याभरात सुधाकर काम सोडून गावी निघून गेला. माझं लग्न चिंचवडच्या घरात झालं. नवरा वाईट नाही, संसार झाला. पण मी डूख धरला. आणि गप्प बसून धरलेला डूख फार टिकतो.

पुढे वडील गेले. जमीन बिल्डरकडे गेली, त्या जागी इमारती आल्या. आजीला बघणारी मी एकटीच उरले. ती माझ्याकडे आली. मी तिचं सगळं केलं — औषधं, पथ्य, पाय चेपणं. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, नात असावी तर अशी. आजीने तीन वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "मी गेले की विमलला कळव. माजी आंघोळ गावच्या बायकांनी घालायची. दुसरं कायबी नगं."

विमल मावशी म्हणजे आजीच्या हाताखाली पाण्याचा तांब्या देणारी. गावात कुणी गेलं की दारोदार निरोप तीच पोचवायची.

आजी पहाटे दवाखान्यातच वारली. आठ वाजता मी विमल मावशीला फोन केला. म्हटलं, "आजी दुपारी तीनला ताब्यात मिळणार आहे, घरी आणू, मग आंघोळ. सगळ्यांना सांग." फोन ठेवला आणि बंद करून टाकला. आजी दहालाच मिळणार होती. विद्युतदाहिनीत बाराची वेळ मी आधीच घेतली होती. नवऱ्याला सांगितलं, गावची माणसं थेट तिकडेच येतील.

दवाखान्यातल्या दोन कामवाल्या बायकांनी तिला आंघोळ घातली. नळाचं पाणी होतं, गार. मी गरम मागितलं नाही. त्यातल्या एकीने विचारलं, "कोन लागत व्हत्या तुमच्या?" मी म्हटलं, "लांबच्या."

अडीचला कंपनीची बस आमच्या इमारतीखाली थांबली. बस चालवणारा गावचाच, दोन शिफ्टच्या मधल्या वेळात बायकांना घेऊन आलेला. तीस-पस्तीस बायका उतरल्या. कुणाच्या हातात नवं लुगडं, कुणाकडे शिकेकाई, विमल मावशीच्या कडेवर इंद्रायणीच्या पाण्याची कळशी. मी गॅलरीतून बघत होते. काय वाटलं सांगू? बरं वाटलं. ज्या गावासाठी तिने मला टाकलं, ते गाव तिला मिळालं नाही — एवढंच मनात आलं, आणि खूप बरं वाटलं.

विमल मावशी धापा टाकत वर आली. मी तिच्यासमोर रडले. खोटं नव्हतं ते रडणं, पण शब्द खोटे होते. "मावशी, मी सकाळी दहा म्हटलं होतं गं. किती वाट बघितली आम्ही!"

तिने कडेवरची कळशी खाली ठेवली. सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही.

दहाव्याला घाटावर सगळ्यांदेखत ती उभी राहिली. "माजं डोकं ठिकाणावर न्हाई आता. माज्यापायी आक्का परक्याच्या हातनं गेली." मी जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. लोकांना माझं मन केवढं मोठं वाटलं!

आजीवरचा राग गेला का? नाही. आज ती समोर आली तरी मी तेच करीन, असं वाटतं. पण विमल मावशीने माझं काय वाकडं केलं होतं?

गावात आता निरोप द्यायला तिला कुणी सांगत नाही. आंघोळीलाही बोलवत नाहीत. दर वर्षी आजीच्या तिथीला ती दोन बस बदलून येते, दुखऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढते आणि दारातच हात जोडते. "पोरी, माजं चुकलं गं." मी तिला आत घेते, चहा करते. म्हणते, "जाऊ दे मावशी, होतं असं माणसाकडून."

नऊ वर्षं मी तिला माफ करत आलेय.