नखाएवढा डाग

पडद्यावर काहीही दाखवलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, अगदी जवळ जाऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "सुंदर आहे. पण खरं आहे का?"

शनिवार पेठेतल्या एका लहान रुग्णालयात पोटाच्या दुर्बीण तपासणीच्या विभागात बाई सिस्टर होत्या. दुर्बिणीचं चित्र स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं, ते बसवायला तिथे जात होतो. चित्रातली खरखर गेली, जठराचं अस्तर रेशमासारखं दिसू लागलं. डॉक्टर खूश. बाईंनी मात्र विचारलं, खरखर काढताना आणखी काय काय जातं? मी बरंच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चहा मागवला. पुण्यात अशा चहाचा अर्थ, पटलेलं नाही पण विषय संपला, हे तुम्हाला सांगायला नको.

सहा महिन्यांनी लोणी काळभोरच्या एक मावशी परत आल्या. आधीच्या तपासणीत त्यांना सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. आता पोटात अन्न ठरत नव्हतं. कर्करोग पसरला होता. बाईंनी मला बोलावून जुनं चित्रण काढायला लावलं. मूळ चित्रात नखाएवढा फिकट, खरबरीत डाग होता. माझ्या चित्रात त्या जागी नितळ गुलाबी अस्तर.

व्यवस्थापनाचं म्हणणं पडलं, तो डाग एरवीही सुटला असता. कुठे बोलू नका. बाईंनी माझं सॉफ्टवेअर बंद करायला लावलं आणि रविवारी मला घेऊन मावशींच्या घरी गेल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, बोलेन मी, पण तुम्ही समोर बसायचं.

घरात शिरल्यावर बाईंनी पाणीही घेतलं नाही. "मावशी, हे तेव्हाच दिसायला हवं होतं. आमच्याकडून पुसलं गेलं."

मावशी म्हणाल्या, "म्हंजी तवा बी व्हतंच. मला वाटलं, माझ्याच खाण्यापिण्यानं झालं. सून रोज त्येच म्हनती."

बाईंनी सुनेला बाहेर बोलावलं आणि सगळं पुन्हा, पहिल्यापासून, तिला सांगितलं.

पुढे बाईंची बदली औषधांच्या कोठारात झाली. तरी दर रविवारी त्या लोणीला जात राहिल्या. मी दोनदाच गेलो. मावशी वारल्या त्याच महिन्यात बाईंनी नोकरी सोडली. वाघोलीचं त्यांचं घर बंद असतं. कुठे गेल्या, शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या मावशींच्या अंगणात. मयताला जमलेल्या माणसांत मी मागे उभा होतो. कोणीतरी विचारलं, तुम्ही मावशींचे कोण? बाई बायकांमधून उठून आल्या, "माझ्याबरोबरचे आहेत," म्हणाल्या आणि माझ्या हातात पाण्याची कळशी दिली.