रक्ताळलेलं मांजर आणि माझा डावा पाय

डोळ्याच्या डॉक्टरनं मला चप्पल काढायला सांगितली, तिथनंच आमचं बिनसलं.

मी गेलो होतो चष्म्याचा नंबर काढायला. डोळ्यात थेंब घालून, आत बत्ती मारून त्यानं लई वेळ बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, आता पाय दाखवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, डोळं वर असत्यात."

(बाहेरच्या बाकावरची माणसं हसली. मला बरं वाटलं.)

तो काही हसला नाही. म्हणाला, साखरेनं डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब केल्यात. डोळे इथवर आले की पायही बऱ्याचदा त्याच वाटेला लागलेले असतात. पायाला लागलं तरी कळायचं नाही, आणि खाली बघावं तर दिसायचं नाही. तवा अनवाणी फिरायचं नाही आणि घरातल्या कुणीतरी रोज तळवे बघायचे.

घरातलं कोण बघणार? म्हातारीला गुडघ्यामुळं वाकता येत नाही. पोरगा दत्ता दिवस उजाडला की कामावर. राहिली त्याची बायको, सुनंदा. सून सणावारी पायावर डोकं ठेवते ते वेगळं, पण सासऱ्यानं सुनेपुढं तळवा उलटा करून बसायचं? आमच्यात असलं चालत नाही. घरी सांगून टाकलं, डोळे झकास आहेत.

राहता राहिलं अनवाणी. भवानी पेठेत ज्या चादरीच्या कारखान्यात माझा जन्म गेला, तिथं अजून दुपारचा जाऊन बसतो. विणायच्या मागापुढं चप्पल घालून जायचं नाही ही आमची रीत. ज्यानं पोरंबाळं जगवली त्याच्यापुढं पायताण मिरवायचं? डॉक्टरला काय कळतंय त्यातलं! चप्पल दाराबाहेरच राहिली.

मग एके सकाळी सुनंदा फरशी पुसून उठली आणि म्हणाली, "मामा, हे रक्ताचं डाग कसलं वो?"

मला डाग दिसतच नव्हते. पण तसं म्हणायचं कसं? चादरीतला तुटका धागा लांबनं ओळखणारा माणूस मी! वाकून, डोळे बारीक करून निकाल दिला, "शेजारचं मांजर आलंय. पाय कापलाय त्याचा."

झालं, शोध सुरू. दत्ता डबा ठेवून माळ्यावर चढला. सुनंदा केरसुणी घेऊन खाटेखाली शिरली. मी मधे फिरत हुकूम सोडत होतो. चुलीमागं बघा, मोरीत बघा, देव्हाऱ्यामागं बघा. नवल म्हणजे मी जाईन तिथं नवा डाग! सुनंदा म्हणायला लागली की आत्ताच तर पुसलं होतं. मी म्हटलं, मग जवळच आहे, आवाज करू नका. एवढं रक्त गेल्यावर बिचारं जगतंय का मरतंय, म्हणून मला त्याची कीवसुद्धा आली. वाटीत दूध काढून ठेवायला लावलं.

शेवटी दमलो आणि खाटेवर पाय पसरून बसलो. म्हातारी इतका वेळ समोरच्या खुर्चीवर गप बसून सगळं बघत होती. ती म्हणाली, "सुनंदा, मांजर घावलं गं. खाटंवर बसलंय."

दत्ता माळ्यावरनं हसला. सुनंदा हसली नाही. तिनं माझा डावा पाय दोन्ही हातांत धरला. तळव्यात खिळा होता, डोक्यापर्यंत आत गेलेला. कारखान्यातलाच असणार, आणि आजचा नव्हता. भोवतीचं मांस काळं पडलं होतं.

"मामा, दुखत न्हाय?"

"कुटं?" मी विचारलं.

मग कुणीच हसलं नाही.

दवाखान्यात खिळा लगेच निघाला, पण पाय राहील का कापावा लागेल, हे कुणी सांगेना. दत्ता बाहेरच्या पायरीवर डोकं धरून बसलेला. शेवटी पाय राहिला, दोन बोटं गेली. गेल्याचंसुद्धा मला दत्तानं सांगितलं तवा कळलं.

आता रोज सकाळी सुनंदा माझे तळवे उलटेपालटे करून बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा सोडत नाही. मला लाज वाटते, म्हणून तेवढा वेळ मी वर छताकडं बघत बसतो. छतही नीट दिसत नाही म्हणा, पण माणसानं कुठंतरी बघायला पाहिजेच की!