पेंडुरकर सरांचं ‘कशावरून?’

कुवेतच्या जुलैत कोणी घाम पुसत ‘आज फार उकडतंय’ म्हणालं, तरी पेंडुरकर सर चष्म्यावरून बघत विचारायचे, “कशावरून?” माणूस चिडायचा. पहिल्या दिवशी मीही चिडले होते. लातूरहून नुकतीच इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले होते आणि सर आमचे मुख्य डॉक्टर. एका रुग्णाच्या रक्तात मलेरिया नाही, असं मी सांगितलं. त्यांचा प्रश्न आलाच. मी म्हटलं, मशीन तसं दाखवतंय. त्यांनी रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. मी बघितलं, मलेरिया खरोखरच नव्हता. मी जरा तोऱ्यातच तसं सांगितलं, तर म्हणाले, “आता तुला माहीत आहे. मघाशी तुझी नुसती खात्री होती.”

सर फिंतासला समुद्राजवळ एकटे राहत. सुमतीकाकू देवगडजवळच्या गावी, सरांच्या म्हाताऱ्या आईपाशी. सर दर शुक्रवारी सकाळी स्वतः घावणे घालत आणि आम्हाला बोलावत. रिग्गईहून मी आणि माझा नवरा गिरीश, अर्दियाहून त्यांच्याच गावचा गजानन. गजानन एसी दुरुस्त करायचा आणि येताना फोनभर अफवा घेऊन यायचा. एकदा म्हणाला, पन्नाशीपुढच्या सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, बंद होणार, गाशा गुंडाळा. सर तव्यावरून नजर न काढता म्हणाले, “कशावरून?” सगळे सांगतात, असं गजाननाने सांगितलं. मग सगळे म्हणजे कोण, एकाचं तरी नाव सांग, तोवर पुढचा घावणा मिळणार नाही, असा हुकूम सुटला. गजाननाने तीन ठिकाणी फोन लावले. शेवटी तो संदेश कुठून निघाला हे कोणालाच सांगता येईना, आणि घावणे गार झाले.

या प्रश्नाचं त्यांचं दैवत होतं हॉलंडमधला एक कापडवाला. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. कापडाचे धागे तपासायच्या भिंगांवरून त्याला भिंगांचाच नाद लागला. स्वतः घासलेल्या भिंगातून त्याने तळ्याच्या पाण्याचा थेंब पाहिला, तर त्यात बारीक जीव वळवळत होते. त्याने लंडनच्या विद्वानांना पत्र लिहून कळवलं. ते म्हणाले, कशावरून? हा म्हणाला, येऊन बघा. ही गोष्ट सांगताना सरांचं उलथनं हवेतच राहायचं. “लॅटिन न येणाऱ्या कापडवाल्याचा शब्द आणि धर्मगुरूचा शब्द एकाच तागडीत पडला. पुढं लोक राजालासुद्धा विचारायला लागले, तुला राज्य दिलं कोणी, कशावरून? जग बदललं ते तिथं. भिंग काय, निमित्त.” मग जरा थांबून म्हणायचे, “शंका काढणारे पुष्कळ असतात. उठून जाऊन बघणारे थोडे. त्या विद्वानांनी माणसं पाठवली बघायला, हे विसरू नका.”

गिरीश मुद्दाम डिवचायचा. ते गोरे एवढे शहाणे झाले, तर बोटी भरून आपल्याला लुबाडायला कसे आले? सर चिडत नसत. तो प्रश्न त्या लोकांनी घरच्यांपुरता ठेवला, दुसऱ्याच्या दारात विचारू दिला नाही, असं म्हणत.

नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू झालं, तेव्हा त्यांनी एक छोटा मायक्रोस्कोप विकत घेतला. पडवीत मांडायचा होता. “संसार सगळा फोनवर झाला गो,” ते मला म्हणाले. “ती दर सुट्टीत म्हणायची, तुमचे ते प्राणी मला एकदा दाखवा. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. आता परसातल्या तळीचं पाणी आणायचं आणि दोघांनी बघत बसायचं.” हे सांगताना पंचावन्न-साठीचा तो माणूस चक्क लाजला होता.

काकूंचा फोन दुपारी डब्याच्या वेळी यायचा. आधी त्या दिसायच्या. मग कॅमेरा पडवीकडे, माडांकडे वळायला लागला. मग रेंज नसते म्हणून नुसताच आवाज येऊ लागला. कशा आहात विचारलं की उत्तर ठरलेलं, “मी बरी आसंय.” तो आवाज बारीक होत चालला होता, शेजारच्या खुर्चीवरून मलाही कळत होतं. मी सरांकडे बघायचे. सर आंब्याच्या मोहराची चौकशी करायचे.

मग एके दिवशी गावाहून सरांच्या भावाचा फोन आला आणि सर मिळेल त्या विमानाने निघाले. ते पोचायच्या आत काकू गेल्या होत्या. रक्ताचा कर्करोग होता. ‘त्यांचं शेवटचं वर्ष आहे, मध्येच उठवू नका,’ अशी शपथ काकूंनी दिराला घातली होती.

राहिलेली कागदपत्रं पुरी करायला सर परत आले. शुक्रवारी आम्ही गेलो. घावणे मी घातले, कोणी धड खाल्ले नाहीत. सर मायक्रोस्कोप कपड्यांत गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “जन्मभर रक्तच बघितलं मी, मुक्ता. तिच्या रक्ताची काच एकदा बघितली असती तरी कळलं असतं. पण मी तिला विचारलंच नाही. उत्तर नको होतं मला.” गजानन उठून बाल्कनीत गेला. मी त्यांच्यासाठी बॅग उघडून धरली, एवढंच.

सरांना गावी परत जाऊन वर्ष होत आलं. शुक्रवार आता नुसताच सुट्टीचा दिवस उरला आहे. अजून कोणी ठासून काही बोललं की मी वळून बघते आणि तिथे कोणी नसतं. मला त्यांची फार आठवण येते. गजानन अफवा आणतो, पण त्यालाही त्या सांगण्यात मजा उरलेली नाही. आम्ही फोन स्पीकरवर टाकतो, सर सगळ्यांची विचारपूस करतात. तुम्ही कसे आहात म्हटलं की म्हणतात, “बरो आसंय.” गेल्या महिन्यापासून तेही कॅमेरा माडांकडे धरतात.

परवाच्या शुक्रवारी मी धीर केला. म्हटलं, “कशावरून, सर?”

गिरीशने फोन तुटला की काय म्हणून उचलून पाहिला. माडांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मग सरांचा आवाज आला, बारीक झालेला.

“येऊन बघ.”

रविवारी कामावर गेल्या गेल्या मी रजा टाकली.